उंदीर, घुशी आणि बोलावून आणलेले पाहुणे: विदर्भातल्या कास्तकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हरभऱ्याला घाटे धरले की आमच्या गावात पारावरचा विषय ठरलेला असतो. कोणाच्या वावरात उंदरांनी किती नासलं, कोणी काय टाकलं आणि कोणाचं मांजर मेलं. खालचे प्रश्न तिथेच ऐकलेले आहेत, काही फोनवर आलेले. उत्तरं देताना वऱ्हाडातली काळी जमीन आणि पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या धानाच्या बांध्या (खाचरं), दोन्ही डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

यंदा एवढी उंदरं आली कुठून? कोणी आणून सोडली का?

रात्री गाडी भरून आणली आणि नाल्याकाठी सोडली, ही गोष्ट दर दोन-चार वर्षांनी नव्याने फिरते. साप, माकडं, उंदीर, ज्याचा त्रास होतो त्याची गाडी. उंदराला गाडी लागत नाही. मादीला गाभण राहिल्यापासून तीन आठवड्यांत पिल्लं होतात, एका वेळी सहा-आठ सहज, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. पावसाळ्यापासून रब्बीच्या सोंगणीपर्यंत वावरात खायला काही ना काही असतंच. सोयाबीन निघालं की तूर उभी, तूर निघते तोवर हरभरा आणि गहू. ओलीत (सिंचन) वाढलं तशी उंदराची उपासमारीची वेळ कमी झाली, हे मात्र कोणी पारावर बोलत नाही.

दुष्काळानंतरच्या चांगल्या पावसाच्या सालात उंदीर जास्त का दिसतात, हेही विचारलं जातं. कोरड्या सालात उंदरं मरतात, तसे त्यांना खाणारेही मरतात किंवा निघून जातात. पुढच्या साली चारा-दाणा मुबलक झाला की उंदीर महिन्यांत सावरतो. सापाला आणि घुबडाला तेवढं जमत नाही.

वावरातला उंदीर म्हणजे एकच जात ना?

नाही, आणि हे कळलं तर निम्मं काम सोपं होतं. बिळाच्या तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग असेल तर ती लहान घूस. हिला साठवायची हाव. धुऱ्यावर (बांधावर) तीन-चार तोंडं, तोंडाशी माती फारशी नाही आणि बाहेर लांब शेपटीचा, शेपटीच्या टोकाला झुबका असलेला उंदीर दिसला, तर तो जर्बिल. तिसरा मऊ केसांचा छोटा उंदीर. तो वऱ्हाडातल्या भेगाळलेल्या काळ्या जमिनीचा खास रहिवासी आहे. उन्हाळ्यात आपल्या जमिनीला ज्या भेगा पडतात, त्या त्याला आयत्या मिळतात, बीळ खोदायचे कष्टही नाहीत. जोराचा पाऊस येऊन भेगा बुजल्या की याची संख्या धाडकन खाली येते. म्हणून "मिरगाच्या पावसानं उंदरं वाहून गेली" असं म्हातारी माणसं म्हणतात त्यात तथ्य आहे, पण या एका जातीपुरतं.

घरात दिसते ती चिचुंद्री उंदीर नव्हेच. तिचं लांब नाक आणि घाण वास सोडा, ती किडे आणि झुरळं खाते.

पीक उंदरानेच खाल्लं की दुसऱ्या कोणी, हे कसं ओळखायचं?

धानाचा फुटवा तिरपा कापलेला असेल, कोयत्याने कलम केल्यासारखा, तर उंदीर. रानडुक्कर तुडवून, लोळून जातं. हरभऱ्यात घाटे तोडून बिळाच्या वाटेवर टरफलं पडलेली असतात. कपाशीत उमललेल्या बोंडातला कापूस ओढून सरकी खाल्लेली असते. वरुड-मोर्शीकडच्या संत्राबागांत तर पिकाआधी ठिबकच्या नळ्या जातात. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते घासायला त्याला काहीतरी लागतंच. नळी काय आणि मोटरचा केबल काय.

घूस किती साठवते, ते एकदा पाहून ठेवा. गोंदिया जिल्ह्यात मामाच्या बांधीत धान कापून झालं होतं. मामाने धुऱ्यावरचं बीळ कुदळीने उकरायला घेतलं. हातभर आत गेल्यावर बीळ डावीकडे वळलं, मग खाली गेलं आणि एका गोल खोलीत उघडलं. त्या खोलीत लोंब्या होत्या, सगळ्या एका दिशेने रचलेल्या, दांडे एकीकडे आणि दाणे एकीकडे. अर्धं सूप भरलं. मामी म्हणाली, "पुंजणं घालायला हिलेच ठेवा मजुरीनं." अशा बिळांतलं धान उकरून काढून त्यावर दोन-चार दिवस काढणारी गरीब घरं झाडीपट्टीत होती. हा काही गमतीचा विषय नाही.

हे उंदीर मूळचे इथलेच, की इंग्रजांनी आणले?

इथलेच. लहान घूस, जर्बिल, मऊ केसांचा उंदीर आणि घराच्या आढ्यावरून पळणारा काळा उंदीरसुद्धा याच उपखंडातला. इंग्रजीत घुशीला जे "बँडिकूट" नाव आहे तेसुद्धा तेलुगूतून गेलेलं, "पंदि-कोक्कु" म्हणजे डुक्कर-उंदीर. आपल्याकडून जहाजांतून जगभर गेलेल्या उपद्रवी प्राण्यांत काळा उंदीर पहिल्या रांगेत बसतो.

परक्या मुलखात गेलेला उंदीर काय करतो ते ऑस्ट्रेलियात दिसतं. तिथे घरउंदीर नव्हता. १७८८ साली कैद्यांना घेऊन आलेल्या पहिल्या जहाजांबरोबर तो उतरला, असं मानतात. २०२१ साली न्यू साउथ वेल्समध्ये उंदरांची अशी लाट आली की एका तुरुंगातल्या वायरी आणि छत त्यांनी कुरतडलं, आणि चारशेहून अधिक कैद्यांना दुसरीकडे हलवावं लागलं. तिथल्या राज्य सरकारने त्यावर ब्रोमाडिओलोन हे विष मागवायचं ठरवलं, पाच हजार लिटर, आणि तेही भारतातून. केंद्रीय नियामकाने परवानगी नाकारली. कारण विष खाऊन मेलेला उंदीर जो पक्षी-प्राणी खाईल, तोही मरेल. आपल्या कृषी केंद्रात मात्र तेच ब्रोमाडिओलोन काउंटरवर मिळतं आणि वेष्टनावरचं कोणी वाचत नाही.

मग मुंगूस आणून सोडलं तर?

सोडायची गरज नाही, आहे ते राहू द्या. पण या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. १८७२ साली जमैकात उसाच्या मळ्यांत उंदरांनी धुमाकूळ घातला होता. एका मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली, चार नर आणि पाच माद्या. सुरुवातीला उंदीर कमी झाले, म्हणून गवगवा झाला. तिथून मुंगसं १८८३ साली हवाईला गेली. अडचण साधी होती. मुंगूस दिवसा फिरतं, उंदीर रात्री. मुंगसाने मग जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी आणि सरडे संपवायला घेतले. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर विषारी सापांसाठी १९७९ साली मुंगसं सोडली. तिथेही तेच, साप रात्री निघतात. शेवटी जपान्यांना ससे खाणारं मुंगूस एकेक करून पकडावं लागलं, आणि २०२४ साली ते बेट मुंगूसमुक्त झाल्याचं जाहीर झालं. साप मारायला आणलेल्या प्राण्याला घालवायलाच साडेचार दशकं गेली.

तेच मुंगूस आपल्या धुऱ्यावर दिसलं की आपण शुभ मानतो, आणि ते बरोबरच आहे. इथे त्याला खाणारेही आहेत आणि त्याच्यापासून वाचायला शिकलेले पक्षीही. आपला कावळा आफ्रिकेत आणि आपली साळुंकी ऑस्ट्रेलियात अशाच बदनाम आहेत.

बांबूला फूल आलं की उंदीर वाढतात आणि दुष्काळ पडतो, हे खरं का?

मिझोराममध्ये खरं, आपल्याकडे अर्धवट. तिथला एक बांबू साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदम सगळीकडे फुलतो आणि मरतो. त्याला मिझो भाषेत माउताम म्हणतात, म्हणजे बांबूचं मरण. त्याची फळं चांगली पेरूएवढी, गरदार. जंगलभर एवढं खाणं एकदम पडल्यावर उंदरांची पैदास थांबत नाही, आणि फळं संपली की तो सगळा लोंढा धानाच्या शेतात उतरतो. १९५९ च्या माउतामची सूचना जुन्या माणसांनी आधी दिली होती. सरकारने ती मनावर घेतली नाही. उपाशी लोकांना मदत करायला जी संघटना उभी राहिली, तिचीच पुढे १९६१ साली मिझो नॅशनल फ्रंट झाली आणि १९६६ साली बंड झालं. उंदरांपायी बंड असं कोणी म्हटलं तर ते ढोबळ होईल, पण बंडाची एक वाट बिळातून गेली हे नाकारता येत नाही. पुढची माउताम २००७ च्या सुमारास आली, तेव्हा लोक सावध होते.

गडचिरोली-चंद्रपूरकडचा आपला मानवेल आणि कटांग यांनाही काही दशकांनी फूल येतं आणि बेटं वाळतात. पण त्यांचं बी गव्हाच्या दाण्यासारखं बारीक, फळ मोठं नाही. शिवाय आपलं जंगल मिश्र आहे, सागामध्ये, ऐनामध्ये बांबू. उंदीर वाढतात, मिझोरामसारखा लोंढा येत नाही. बांबूचा तांदूळ मात्र आपल्याकडेही अडचणीच्या सालात लोकांनी शिजवून खाल्ला आहे, त्यावरून "फूल आलं की दुष्काळ" ही सांगड बसली असावी.

औषध कोणतं टाकावं?

औषध नव्हे, जहर. हा शब्द बदलला की हात आपोआप सावध होतो.

आधी काम बिळांचं. एका संध्याकाळी वावरातली सगळी बिळं मातीने बुजवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उकरलेली दिसतील तेवढीच जिवंत. निम्म्याहून जास्त बिळं ओसाड निघतात आणि तेवढं जहर वाचतं. हे न करता सगळीकडे मुठी मुठी फेकणारा कास्तकार दुकानदाराला आवडतो.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. झिंक फॉस्फाइड हे काळसर, लसणासारख्या वासाचं, लगेच मारणारं. उंदराला ओकता येत नाही, म्हणून तो नवीन काही दिसलं की आधी चाटून बघतो. थोडं खाऊन पोटात दुखलं आणि जगला, की तो त्या चवीला महिनोन् महिने शिवत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस साधं तेल लावलेलं भरड धान्य ठेवून त्याची भीड मोडावी लागते. हे जहर माणसाने घेतलं तर त्याला उतारा नाही. दुसरं ब्रोमाडिओलोन, तयार वड्या मिळतात. याने रक्त गोठणं थांबतं, उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो, त्यामुळे त्याला संशय येत नाही. याला विटामिन के-१ हा उतारा आहे. मला विचाराल तर घरी जहर कालवायच्या भानगडीत पडूच नये. वडी हातमोजा घालून बिळात आत सरकवा, तोंड पाल्याने झाका, आणि मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरा.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी "बिळात टाक, धान्यातही टाक" म्हणून दिल्या तर घेऊ नका. त्यांच्यातून निघणारा वायू बंद खोलीत अख्खं घर मारतो, आणि त्या जाणकाराच्या देखरेखीखालीच वापरायच्या आहेत.

एक आमची चूक सांगतो. तालुक्याच्या एका दुकानातून मी सुटं जहर कागदाच्या पुडीत आणलं. नाव नाही, मात्रा नाही. मीही विचारलं नाही. ती पुडी आईने मेथीचं बी समजून फळीवर ठेवली, तिथून ती मांजराने पाडली. मांजर गेलं. लेकरू असतं तर, हा विचार अजून येतो. तेव्हापासून बंद पाकीट आणि पावती, त्याशिवाय काही घरात येत नाही. चुकून कोणाच्या पोटात गेलं तर दूध-तूप पाजत बसू नका. पाकीट हातात घ्या आणि सरळ दवाखाना गाठा.

मी एकटा करतो, शेजारी करत नाही. फायदा होतो का?

पंधरा दिवस होतो. रिकामं बीळ शेजारचा उंदीर आठवड्यात ताब्यात घेतो. पूर्ण शिवाराने एकाच दोन-तीन दिवसांत करायचं असतं, आणि ते मे-जूनमध्ये, पेरणीच्या आधी. तेव्हा धुरे उघडे असतात, बिळं दिसतात, खायला दुसरं नसल्यामुळे आमिष घेतलं जातं. आपण करतो हरभरा भरल्यावर, जेव्हा उंदराला आपल्या वडीची गरजच नसते. धुरेही बारीक ठेवा. दोन हात रुंद धुरा म्हणजे घुशीसाठी दुमजली घर.

मांजर पाळून भागेल का?

घरात थोडंफार. वावरात नाही.

साप आणि घुबडं खरंच कामाची आहेत?

सगळ्यात जास्त. धामण बिळात शिरून उंदराची पिल्लं खाते, तिथे आपला हात आणि मांजराचा पंजा दोन्ही पोचत नाहीत. तिला विष नाही. ती गाईच्या पायाला वेढा घालून दूध पिते, ही गोष्ट मी लहानपणी शपथेवर ऐकली आहे. सापाच्या तोंडाला दूध ओढताच येत नाही. नागपंचमीला वारुळाला दूध वाहणारा माणूस पोळ्याच्या आधी धामण ठेचतो, हे दरवर्षी दिसतं.

गव्हाणी घुबड जुन्या वाड्यात, विहिरीच्या कपारीत राहतं आणि रात्रभर वावरावर फिरतं. त्याला गोटा मारला तर ते तो गोटा पाण्यात नेऊन ठेवतं, आणि गोटा झिजेल तसा माणूस झिजतो, असं आमच्याकडे म्हणतात. ही अंधश्रद्धा मोडू नका असं मला मनापासून वाटतं, कारण तिच्यामुळे निदान गोटा मारत नाहीत. हरभऱ्यात ठिकठिकाणी इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे रोवा. दिवसा त्यावर बसून कोतवाल अळ्या वेचतो, रात्री घुबड उंदीर धरतं. मेळघाटातला रानपिंगळाही छोटे उंदीर खातो. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती, १९९७ साली तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि आता मेळघाट हे त्याचं मोठं घर आहे.

चिकट पट्ट्या मात्र वावरात, कोठ्यात लावू नका. उंदराबरोबर सरडे, चिमण्या, धामणीची पिल्लंही अडकतात आणि तडफडून मरतात.

गणपतीचं वाहन. मारायचं कसं?

ज्याला मारवत नाही त्याने मारू नये. माळकरी घरांत हा प्रश्न खरा आहे, थट्टेचा नाही. पण पिंजऱ्यात पकडून शेजाऱ्याच्या धुऱ्यावर सोडणं हा उपाय नव्हे, ते भांडणाचं बीज आहे. अशा घरांनी साठवण नीट करावी, धुरे बारीक ठेवावेत, घुबड-धामणीला राहू द्यावं. वाहनाला जगायला उकिरडा पुरतो, हरभरा द्यावाच असं नाही.

घरातलं धान्य कसं वाचवायचं?

पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो, हे धरून घर तपासा. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोका. पोती भिंतीला टेकवू नका, वीतभर अंतर ठेवा आणि खाली लाकडाचे ओंडके किंवा पाट घाला. पत्र्याची कोठी शेणाने लिंपलेल्या ढोलीपेक्षा चांगली, यात वाद नाही. ज्या घरात भाव येईपर्यंत कापूस खोलीभर रचून ठेवतात, तिथे उंदरीण कापसातच विते. उंदीर खातो त्यापेक्षा मूत आणि लेंड्यांनी जास्त नासवतो.

उंदरांमुळे कोणते आजार होतात?

आपल्याकडे लक्षात ठेवायचा तो स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत याचे रुग्ण निघाले, माणसंही दगावली. उंदराच्या अंगावर आणि झुडपात राहणाऱ्या अतिबारीक कोळीवर्गीय किड्याची अळी चावते. चावल्याच्या जागी, बहुतेक काखेत किंवा जांघेत, बिडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ताप, डोकेदुखी आणि अशी खपली असेल तर डॉक्टरला ती दाखवा, नुसता ताप सांगू नका. वेळेवर डॉक्सिसायक्लिन मिळालं तर माणूस बरा होतो.

लेप्टोमध्ये (लेप्टोस्पायरोसिस या तापात) उंदराच्या मुताने दूषित पाणी पायाच्या जखमेतून शिरतं. धानाच्या चिखलात रोवणीला उतरणाऱ्यांनी पायाच्या चिरा झाकाव्यात.

आणि प्लेग. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठी दिसल्या, पाठोपाठ सुरत. त्याआधीच्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाला होता. लोक घरं सोडून बाहेर झोपले आणि आत धान्य तसंच राहिलं, त्यावर उंदीर वाढले, असं कारण तेव्हा पुढे आलं. गावात उंदीर आपोआप मरून पडायला लागले तर झाडून टाकू नका, आधी आरोग्य केंद्राला कळवा.

मग बाहेरून आलेले खरे उपद्रवी कोण?

बहुतेकांना पाय नाहीत, पानं आहेत.

गाजरगवत सगळ्यांना माहीत. मेक्सिकोकडचं. पुण्यात त्याची नोंद १९५५ ची. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतल्या गव्हाबरोबर आलं असं सगळे सांगतात, पण त्या योजनेचा आपल्याशी करार झाला १९५६ साली. अमेरिकेचा गहू त्याआधीही, १९५१ पासून, येत होता, त्यामुळे गव्हावरचा संशय फिटत नाही, योजनेचं नाव तेवढं चुकतं. एक झाड दहा हजारांवर बिया टाकतं. फुलावर यायच्या आधी हातमोजे घालून उपटा, कारण अंगावर खाज आणि दमा दोन्ही होतात. मेक्सिकोहूनच आणलेला एक भुंगा त्याची पानं खातो, तो बंगळुरूला १९८४ साली सोडला गेला. पावसाळ्यात गाजरगवतावर पिवळसर पाठीवर तपकिरी रेघांचा भुंगा दिसला तर मारू नका. हा परका पाहुणा मात्र आधी तपासून मग सोडलेला आहे. जमैकाच्या मुंगसात आणि यात फरक तोच.

गाजरगवताचा कपाशीला आणखी एक तोटा आहे. कपाशीवर २००५ च्या पुढे जो पांढरा पिठ्या ढेकूण आला, तोही अमेरिकेकडचाच, आणि धुऱ्यावरचं गाजरगवत हे त्याचं आवडतं घर. एक पाहुणा दुसऱ्याला जागा देतो. मक्यावरची लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात दिसली आणि त्याच साली महाराष्ट्रात पोचली. गुलाबी बोंडअळीला मात्र लोक उगाच बाहेरची म्हणतात, तिची भारतातली नोंद एकोणिसाव्या शतकातली आहे.

बेशरम तर नावातच सगळं सांगतं. कुंपणाला म्हणून लावलं, जनावर खात नाही म्हणून कौतुक केलं, आणि भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत ते आता काठावरून आत सरकतंय. जिथे बेशरम माजतं तिथे देशी पाणवनस्पती जातात, त्यांच्यामागे मासे, आणि मग ढिवरांचा धंदा. तलावात थाई मागूर सोडणारे वेगळेच. त्या माशाच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे, तो बाकीचे मासे फस्त करतो.

रायमुनिया, म्हणजे घाणेरी, इंग्रजांनी बागेची शोभा म्हणून आणली. ताडोबा, पेंच, मेळघाटात ती गवताची जागा खाते. चितळ, सांबराला जंगलात गवत कमी पडलं की ते कुठे येतात, हे जंगलालगतच्या कास्तकाराला सांगायला नको.

गाजरगवतावर तरोटा (टाकळा) टाकतात तो उपाय चालतो का?

चालतो, जागा बघून. पडीक जागेत, रस्त्याकडेला गाजरगवत उपटून पावसाच्या तोंडी तरोट्याचं बी दाट फेकलं तर तो त्याला वर येऊ देत नाही. पहिल्या पावसाच्या कोवळ्या तरोट्याची भाजी होते हा वरचा नफा. फक्त उभ्या पिकात टाकू नका.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरं हीसुद्धा परकी का?

नाही, अस्सल इथली. त्रास देतो म्हणून परका ठरत नाही, आणि परका आहे म्हणून त्रास देतोच असं नाही. मिरची आणि भुईमूग दोन्ही अमेरिका खंडांतून आलेले आहेत. भिवापुरी मिरचीला कोणी बाहेरची म्हणून बघावं.

उंदरांच्या नुकसानीची भरपाई मिळते का?

रोही, रानडुक्कर, हरणाने खाल्लं तर वन खात्याकडे अर्ज करता येतो. उंदराचा त्यात समावेश नाही. आमच्या गावात एकाने तरीही अर्ज केला होता, सोबत मेलेली घूस पिशवीत घालून. अर्ज परत आला. पिशवी आली नाही.